प्रत्ययांचं बेट

आइसलँडमधलं मूल शाळेत विभक्त्या शिकतं ती चार छोट्या शब्दप्रयोगांच्या आधारानं: हेर एर, उम, फ्राउ, तिल. अर्थ साधारण असे: 'हा पाहा', 'च्याविषयी', 'पासून', 'कडे'. यांच्यापुढे नाम ठेवायचं आणि त्याचं रूप कसं पालटतं ते कानानं टिपायचं. घोडा घेतला तर हेर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ती, तिल हेस्त्स. घोडे अनेक झाले की हेस्तार, हेस्ता, हेस्तुम, हेस्ता. एवढ्यावर भागत नाही. 'तो ठरावीक घोडा' म्हणायचं असेल तर इंग्रजीसारखं नामाच्या आधी वेगळं उपपद येत नाही, ते शेपटीला चिकटतं आणि स्वतःही विभक्ती घेतं. म्हणून हेस्तुरिन, हेस्तिन, हेस्तिनुम, हेस्त्सिन्स. शेवटच्या रूपात षष्ठीची खूण दोनदा आहे, एकदा घोड्याला आणि एकदा उपपदाला. 'रामः रामौ रामाः' पाठ केलेल्या कुणालाही यात ओळखीचं काहीतरी ऐकू येईल. फरक इतकाच, की हे मूल या रूपांचा पाठ संपला की त्याच रूपांत आईकडे दूध मागतं.

चार विभक्त्या, तीन लिंगं, विशेषणांचे दोन वेगळे रूपसंच, आणि क्रियापदं अशी की मूळ स्वरच बदलून भूतकाळ होतो. जर्मानिक कुळातल्या सगळ्याच भाषांकडे हजार-बाराशे वर्षांपूर्वी हा पसारा होता. इंग्रजीकडे होता, डॅनिशकडे होता, स्वीडिशकडेही होता. आज जर्मननं त्यातला बराच सांभाळला आहे, तोही मुख्यतः उपपदांच्या रूपांतून. फॅरो बेटांवरच्या भाषेत चारही विभक्त्या दिसतात, पण बोलण्यातून षष्ठी जवळजवळ गेली. सगळा पसारा रोजच्या वापरात उरला तो आइसलँडिकमध्ये. तो कसा उरला, याचं नेहमीचं उत्तर असं, की बेट दूर होतं, थंड होतं, भाषा तिथे बर्फात गोठून राहिली. हे उत्तर सोपं आहे, पण भाषेचा इतिहास पाहिला तर ते टिकत नाही.

इसवी सन 870 ते 930 या काळात मुख्यतः नॉर्वेहून आणि काही प्रमाणात ब्रिटिश बेटांवरून लोक इथे येऊन वसले. 930 साली थिंगवेलिरच्या मोकळ्या माळावर आल्थिंगी ही त्यांची लोकसभा भरू लागली. देशाला राजा नव्हता, शहर नव्हतं. कायदा लिहिलेला नव्हता. कायदा सांगणारा अधिकारी तो तोंडपाठ म्हणून दाखवायचा. लोक वेगवेगळ्या भागांतून आलेले, तरी उन्हाळ्यातल्या त्या सभेत दरवर्षी एकत्र येत, वाद घालत, लग्नं जुळवत. त्यामुळे बोली फुटून निघायला फारसा वाव राहिला नाही. ख्रिस्ती धर्म आला सन 1000च्या सुमारास आणि त्याच्याबरोबर रोमन लिपी आली.

बाराव्या शतकाच्या मध्यास या लिपीकडे बघून एक माणूस अस्वस्थ झाला. त्याचं नाव आज कुणाला माहीत नाही. अभ्यासक त्याला 'पहिला व्याकरणकार' म्हणतात. लॅटिनसाठी बनलेली पाच स्वरचिन्हं आपल्या भाषेला पुरत नाहीत, हे त्यानं एका छोट्या निबंधात दाखवून दिलं, आणि दाखवण्याची रीत अशी निवडली की विसाव्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यात आपलीच पद्धत ओळखली. 'स' आणि 'र' ही दोन व्यंजनं त्यानं दोन टोकांना पक्की ठेवली आणि मधला स्वर एकेक करून बदलला. एका स्वरानं अर्थ झाला जखम, दुसऱ्यानं जखमा, तिसऱ्यानं 'शपथ घेतली', आणखी एकानं आंबट, आणखी एकानं डुकरीण. स्वर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून त्या स्वराला स्वतःचं अक्षर हवं, हा त्याचा युक्तिवाद. नऊ मूळ स्वर, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद आणि सानुनासिक-निरनुनासिक भेद धरून त्यानं छत्तीस स्वर मोजले. इंग्रज आणि आपण एकाच भाषेचे लोक आहोत, मधल्या काळात ती बरीच बदलली आहे इतकंच, असंही तो लिहून गेला. लॅटिन हीच जिथे विद्वत्तेची भाषा होती त्या युरोपात, घरच्या बोलीचे स्वर कुणीतरी इतक्या प्रेमानं आणि शिस्तीनं मोजत बसला होता.

जखम आणि जखमा यांच्यात फक्त स्वराचा फरक कसा, हे समजलं तर जर्मानिक शब्दरचनेचं एक मोठं गुपित समजतं. फार पूर्वी या शब्दांना शेवटी 'उ' किंवा 'इ' असलेले प्रत्यय होते. शेवटी 'उ' येणार म्हटल्यावर बोलणाऱ्याचे ओठ आधीच्या 'आ'पासूनच गोल होऊ लागले. 'इ' येणार म्हटल्यावर जीभ आधीच पुढे सरकली. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, प्रत्यय झिजून गळाला, पण आधीच्या स्वरावर त्याचा ठसा राहिला. इंग्रजीतल्या फूट-फीट आणि मॅन-मेन या जोड्या 'इ'च्या ठशाच्या. आइसलँडिकमध्ये त्याच जोड्या फोतुर-फाइतुर आणि माधुर-मेन अशा भेटतात. 'उ'चा ठसा इंग्रजीत आणि जर्मनमध्ये नाहीच. आइसलँडिकमध्ये मात्र तो पावलोपावली आहे. बार्न म्हणजे मूल, बोर्न म्हणजे मुलं. सागा म्हणजे कथा, तिची पुढची रूपं सोगु. (इथला 'ओ' खरं तर ओठ गोल करून उच्चारलेला 'ए' आहे, देवनागरीत त्याला चिन्ह नाही.) हे बार्न-बोर्न पुढे पुन्हा लागणार आहे.

मुख्य भूमीवर प्रत्यय का गळाले याची कारणं बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. चौदाव्या शतकापासून नॉर्वेतलं बर्गेन, स्वीडनमधलं स्टॉकहोम, डेन्मार्कची बंदरं इथे हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचा मोठा वावर होता. त्यांची भाषा नात्यातलीच, धातू ओळखीचे, पण प्रत्यय निराळे. बाजारात समजून घ्यायचं तर धातू पुरे होतात. इंग्लंडमध्ये त्याआधीच व्हायकिंग वसाहतींत असंच घडलं होतं. तिथे तर सर्वनामंसुद्धा उसनी घेतली गेली. इंग्रजीतलं 'दे' हे सर्वनाम व्हायकिंगांचं आहे.

त्या 'दे'चं मूळ आइसलँडिकमध्ये अजून तीन लिंगांत उभं आहे: पुल्लिंगी थेइर, स्त्रीलिंगी थाइर, नपुंसकलिंगी थोइ. मराठी वाचकाला याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही, कारण आपल्याकडे ते, त्या, ती आहेतच. इंग्रजीला आणि हिंदीला जे सांगताना अडखळायला होतं ते इथे सहज जमतं. पण खरी गंमत पुढे आहे. दोन पुरुष आले तर आइसलँडिक माणूस त्वेइर म्हणतो, दोन स्त्रिया आल्या तर त्वाइर, आणि नवरा-बायको मिळून आली तर नपुंसकलिंगी त्वो. आपणही दोघे, दोघी म्हणतो आणि नवरा-बायकोबद्दल बोलताना 'ती दोघं आली' असं नपुंसकलिंगातच म्हणतो. मिश्र जोडीला नपुंसकलिंग, हा नियम अटलांटिकच्या उत्तर टोकाला आणि सह्याद्रीच्या पायथ्याला सारखाच. लिंगानुसार बदलणारी संख्यारूपं तिथे चारपर्यंत चालतात आणि पाचपासून थांबतात. आपल्याकडे दोघे, तिघे, चौघे झाले की पुढे पाच जण. आपली ही रूपं वेगळ्या वाटेनं घडली आहेत, तेव्हा चाराचा मेळ योगायोगाचा म्हणावा. तीन लिंगं मात्र दोन्ही भाषांना एकाच दूरच्या पूर्वजाकडून आली आहेत.

वाक्यरचनेतही असा एक दुवा आहे. थंडी वाजली तर आइसलँडिक माणूस 'मी थंड आहे' म्हणत नाही. तो चतुर्थीत बोलतो, म्येर एर काल्त, मला थंडी वाजते. म्येर लिकार म्हणजे मला आवडतं. स्वप्नाच्या बाबतीत तो द्वितीया वापरतो, पण वृत्ती तीच: स्वप्न त्याला पडतं, तो ते पाडत नाही. थंडी, आवड, स्वप्न, इच्छा या गोष्टी माणसावर येतात. त्यांचा कर्ता तो नसतो. जुन्या इंग्रजीत ही रचना होती आणि ती विरली. जर्मनमध्ये थोडी उरली आहे.

आता गोठलेपणाच्या दंतकथेकडे. आइसलँडिकचे उच्चार जराही गोठलेले नाहीत. तेराव्या शतकातला स्नोरी स्टुर्लसन, ज्यानं तिथल्या काव्यशास्त्राचा 'एडा' हा मोठा ग्रंथ लिहिला, तो आज रेक्याविकच्या रस्त्यावर उभा राहिला तर पहिले काही दिवस त्याला ऐकलेलं कळणार नाही. त्याच्या काळचा लांब 'आ' आता 'आउ' झाला आहे. जोड 'ल'चा उच्चार 'त्ल' झाला, त्यामुळे डोंगर म्हणजे फ्यात्ल. दोन वेगळे स्वर एकच झाले आणि आता फक्त लिहिण्यात वेगळे दिसतात. शाळेतली मुलं त्यांवर अडखळतात. स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था सोळाव्या शतकाच्या सुमारास पार पालटली. द्विवचनाचं सर्वनाम होतं, 'आम्ही दोघं' एवढ्यापुरतं. तेच पुढे साधं 'आम्ही' झालं आणि जुनं 'आम्ही' राजेशाही भाषणांपुरतं उरलं. सांगाडा राहिला, मांस बदललं. लेखन सांगाड्याला धरून ठेवतं, म्हणून आजची शाळकरी मुलं सातशे वर्षांपूर्वीच्या कथा आजच्या उच्चारात वाचू शकतात.

सांगाडा टिकवण्याचं बरंच काम घराघरात झालं. हिवाळ्यात गवती मातीच्या घरांत सगळं कुटुंब आणि गडीमाणसं बाधस्तोवा नावाच्या एकाच खोलीत झोपत, जेवत, काम करत. संध्याकाळी लोकर पिंजणं, सूत काढणं, विणणं चाले, आणि एक जण दिव्यापाशी बसून जुन्या कथा वाचून दाखवी किंवा रिमुर नावाची लांबलचक पद्यं चालीवर म्हणे. रिमुरांची यमकं आणि अनुप्रास इतके कडक, की प्रत्यय चुकला तर ओळ कोसळायची. साहित्य म्हणून त्यांतली बरीचशी रचना यांत्रिक होती हे खरं. पण हात कामात आणि कान पद्यात, अशा शेकडो हिवाळ्यांनी व्याकरण ज्या ताकदीनं रुजवलं, तेवढं कुठल्या शाळेनं रुजवलं असतं असं वाटत नाही. 1540 साली नवा करार आइसलँडिकमध्ये छापला गेला, 1584 साली होलारच्या बिशपपीठात संपूर्ण बायबल. नॉर्वेच्या लोकांना डॅनिश बायबल वाचावं लागलं आणि त्यांची लिखित भाषा बुडाली; आइसलँडला देवाचा शब्दही आपल्याच प्रत्ययांत मिळाला. 1609 साली आर्नग्रिमुर योन्सननं 'क्रिमोगाया' या लॅटिन ग्रंथात लिहिलं, की जुन्या हस्तलिखितांमुळे आपली भाषा शुद्ध राहिली आहे आणि डॅनिश-जर्मनच्या अनुकरणापासून तिला जपलं पाहिजे.

ती हस्तलिखितं मात्र जपली जात नव्हती. आर्नी माग्नुसन (1663 ते 1730) हा त्यांच्यामागे आयुष्यभर हिंडला. 1703च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 50,358 भरली. ती मोजणाऱ्या दोन अधिकाऱ्यांपैकी तो एक. मोजणीच्या आणि जमीनपाहणीच्या कामानं तो शेतोशेत फिरे आणि चामडी पानं शोधी. एका हस्तलिखिताची पानं बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून आत शिवलेली सापडली, तर एक पान कपडे बेतण्यासाठी कापलेलं मिळालं. त्यानं पान अन् पान गोळा करून कोपनहेगनला नेलं. 1728च्या आगीत त्याची छापील पुस्तकं मोठ्या संख्येनं जळाली, पण बहुतेक हस्तलिखितं वाचली. पहिल्या व्याकरणकाराचा निबंध ज्या एकमेव प्रतीत उरला आहे तीही याच संग्रहातली. 1971 साली डेन्मार्कनं जुनी आइसलँडिक हस्तलिखितं आइसलँडला परत द्यायला सुरुवात केली.

पहिल्या व्याकरणकाराचा निबंध छापून प्रथम जगापुढे आणला तो रास्मुस रास्क या डॅनिश विद्वानानं, 1818 साली. रास्क शाळकरी वयातच जुन्या नॉर्स राजकथा वाचून स्वतःचं व्याकरण बनवत बसलेला. 1813 ते 1815 तो आइसलँडमध्ये राहिला. रेक्याविकमध्ये त्याला डॅनिश मिसळलेली भाषा ऐकू आली आणि त्यानं लिहून टाकलं, की असंच चाललं तर शंभर वर्षांत या गावात आइसलँडिक कुणाला समजणार नाही. नुसतं भाकीत करून तो थांबला नाही. 1816 साली आइसलँडिक साहित्य संस्था उभी करण्यात तोच पुढे होता. जर्मानिक व्यंजनं ग्रीक-लॅटिनच्या व्यंजनांशी ठरावीक नियमानं जुळतात, हे त्यानं 1818 सालीच छापलेल्या स्वतःच्या निबंधात मांडलं. याकोब ग्रिमनं चार वर्षांनी त्याला नियमाचं रूप दिलं. संस्कृत जाणणाऱ्याला हा नियम पटकन दिसतो: पितृ आणि फाधिर, पाद आणि फोतुर, त्रि आणि थ्रीर, दश आणि तीउ.

हाच रास्क रशिया आणि इराण पार करून 1820 साली मुंबईला आला. पारशी समाजाकडून त्यानं अवेस्ता आणि पहलवी हस्तलिखितं मिळवली, आणि अवेस्ताची भाषा ही संस्कृतची भ्रष्ट नक्कल नसून स्वतंत्र आणि प्राचीन आहे, हे सांगणारं त्याचं टिपण मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना उद्देशून लिहिलेलं आहे. आइसलँडच्या प्रत्ययांवर घासलेली नजर त्यानं मुंबईत वापरली.

पुढची लढाई आइसलँडच्या तरुणांनी लढवली. 1835 साली कोपनहेगनमध्ये शिकणाऱ्या चौघांनी 'फ्योल्निर' नावाचं वार्षिक काढलं. त्यांतला योनास हाल्ग्रिमसन कवी होता आणि निसर्गशास्त्रज्ञही. रिमुरांवर त्यानं याच वार्षिकात कडाडून टीका केली. 1842 साली त्यानं खगोलशास्त्राचं पुस्तक आइसलँडिकमध्ये आणलं आणि त्यासाठी जुन्या धातूंतून शब्द घडवले. गुरुत्वाकर्षणासाठीचा त्याचा 'आपल्याकडे ओढणारं बळ' असा शब्द आजही चालतो. त्याचा जन्मदिवस, 16 नोव्हेंबर, 1996पासून भाषादिन म्हणून साजरा होतो.

शब्द जोडण्याची या भाषेची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. समासातलं पहिलं पद बहुधा षष्ठीचा प्रत्यय अंगावर ठेवूनच येतं. ग्रंथालय म्हणजे बोकासाप्न, 'पुस्तकांचा संग्रह', त्यातली अनेकवचनी षष्ठी शाबूत. देशाची बँक म्हणायची तर एकवचनी षष्ठी लान्द्स-, भूगोल म्हणायचा तर अनेकवचनी लान्दा-. संस्कृत समासात प्रत्यय लोपतो आणि युधिष्ठिर, वाचस्पती असे अलुक् समास अपवाद ठरतात. इथे अलुक् हाच राजमार्ग. म्हणून लांबच लांब समाससुद्धा आतून उलगडता येतो.

विसाव्या शतकात सांभाळण्याला सक्तीची धारही आली, आणि तिचे सगळेच परिणाम गोड नव्हते. 1940च्या दशकात ब्योर्न गुध्फिन्सननं देशभरातल्या मुलांचे उच्चार तपासले. काही भागांत 'इ' आणि 'ए' एकमेकांत मिसळत होते; स्किर हा दह्यासारखा पदार्थ आणि स्केर हा समुद्रातला खडक एकसारखे ऐकू येऊ लागले होते. शाळांनी हा उच्चार चूक ठरवून जवळजवळ संपवला, आणि तो घरून घेऊन आलेल्या मुलांना वर्गात खाली मान घालावी लागली. द्वितीयेच्या जागी चतुर्थी वापरणाऱ्यांच्या सवयीला तर 'चतुर्थीचा आजार' असंच नाव पडलं, जरी ही सवय भाषेच्या स्वतःच्याच ओढीतून आलेली आहे. नागरिकत्व घेणाऱ्या परदेशी माणसाला कित्येक दशकं आइसलँडिक नाव घ्यावं लागे. विभक्त्यांवर प्रेम असावं, पण माणसाचं नाव काढून घेण्याइतका हक्क कुठल्याच व्याकरणाला नसावा; 1990च्या दशकात ती अट गेली हे बरं झालं. मुलांच्या नव्या नावांना मात्र अजून समितीची मान्यता लागते, आणि 1996च्या कायद्यानुसार नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागण्याजोगा हवा.

प्रत्यय जिवंत आहेत याचा पुरावा मात्र कायद्यात शोधायचा नाही. 1960च्या दशकात विद्यापीठात पहिला संगणक आला तेव्हा सिगुर्धुर नॉरदाल या साहित्याच्या प्राध्यापकानं त्याला तोल्वा हे नाव सुचवलं: आकडा या अर्थाचा शब्द आणि भविष्य सांगणारी जुनी व्होल्वा यांच्या मेळातून. शब्द लोकांनी उचलला, आणि मग अनेकांच्या तोंडी तो 'ताल्वा' झाला. कारण उघड आहे. कथा सागा, रूपं सोगु. मग रूपं तोल्वु असतील तर मूळ शब्द ताल्वाच असणार, असा हिशोब त्यांच्या कानानं केला. शिक्षक ही चूक अजून दुरुस्त करतात. पण ही चूक करायला हजार वर्षांपूर्वीच्या गळालेल्या 'उ'चा नियम डोक्यात चालू असावा लागतो. फोनवरच्या अ‍ॅपचंही तेच. भाषातज्ज्ञांनी त्याला 'छोटी आज्ञावली' अशा अर्थाचा देशी शब्द दिला, लोकांनी इंग्रजी आप ठेवला, आणि त्याचं अनेकवचन कुणी न शिकवता ओप करून टाकलं, बार्न-बोर्नच्या चालीवर.

आज आइसलँडमध्ये परदेशातून आलेल्यांत पोलिश लोकांचा गट सर्वांत मोठा आहे. त्यांच्या भाषेत सात विभक्त्या असल्यामुळे चार विभक्त्यांची कल्पना त्यांना नवी नाही. अडतं ते नेमकं रूप शोधताना. त्यासाठी आर्नी माग्नुसनच्या नावानं चालणाऱ्या संस्थेनं इंटरनेटवर रूपकोश खुला ठेवला आहे. त्यात अडीच लाखांहून अधिक शब्दांची सगळी रूपं मांडलेली आहेत, तोल्वाचीही आणि योनास या नावाचीही, आणि नवागतांइतकेच मूळचे आइसलँडर तो उघडून मैत्रिणीच्या नावाची षष्ठी पडताळून पाहतात.